नातवंडांच्या हातचे गारेगार

वाचकहो, उन्हाळ्याच्या दिवसांत घरातील वृद्ध माणसाला ‘पाणी प्या, पाणी प्या’ असे दिवसभर सांगत राहावे आणि संध्याकाळी पाहावे तो तांब्या जसाच्या तसा भरलेला, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. सांगणारा थकतो आणि ऐकणारा चिडतो. मी तर या दोन्ही बाजू रोज पाहते. माझे वय ७४. पुण्याहून फोनवर ‘आई, पाणी पिताय ना?’ असे विचारणारी सून मला आहे, आणि माझ्याकडून तोच प्रश्न ऐकणारे ७९ वर्षांचे यजमान घरात आहेत. या लेखात मी आपणांस फळांच्या गारेगाराच्या काही सोप्या कृती सांगणार आहे. त्या मुलांनी आणि वृद्धांनी मिळून करावयाच्या आहेत. परंतु त्यामागचा खरा विषय वृद्धांच्या तहानेचा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमचे गाव मिरज. कृष्णेच्या काठचे. या गावाचे पाण्याशी असलेले नाते २०१६ साली साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी लातूर शहर पाण्यावाचून व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी पाठविण्यात आले. पहिली गाडी १० वाघिणींची होती. सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन ती साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून १२ एप्रिलला लातुरास पोहोचली. यजमानांची सारी नोकरी रेल्वेत झालेली. निवृत्त होऊन दहा वर्षे उलटली होती, तरी पाण्याची गाडी पाहण्यासाठी ते मुद्दाम स्टेशनावर गेले आणि घरी येऊन कितीतरी दिवस तिच्याविषयी बोलत राहिले. दुसऱ्या गावाची तहान ज्यांना इतकी जवळून कळली, त्यांना पुढे स्वतःची तहान कळेनाशी झाली.

गेल्या वर्षी चैत्र संपत असताना एके दुपारी ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी चक्कर येऊन खाली बसले. पडले नाहीत, हे नशीब. तरी जीभ कोरडी होती आणि बोलण्यात थोडी विसंगती येत होती. मला त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, तेव्हा मी घाबरले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचेच गाव. त्यामुळे उपचारासाठी दूर जावे लागले नाही. दोन दिवस सलाइन लागले. शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाले आहेत, दुसरे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. ‘दुसरे काही नाही’ हे ऐकून जीव भांड्यात पडला खरा. पण समोर अख्खा वैशाख उभा होता.

तहान का मंदावते?

डॉक्टरांनी त्या वेळी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घरात ठाऊक असावे म्हणून येथे थोडक्यात देते. तहान लागली की माणूस पाणी पितो, असे आपण धरून चालतो. तहानेची ही सूचना मेंदूतून येते आणि वय वाढते तशी ती क्षीण होत जाते. शरीरात पाणी कमी झालेले असूनही वृद्ध माणसाला खरोखरच तहान लागत नाही. तेव्हा ‘मला तहान नाही’ असे ते म्हणतात, ते हट्टाने म्हणत नसतात. त्यातच मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती घटलेली असते. तरुण वयात शरीराचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. उतारवयात तो ५० टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे साठाच लहान. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर तो आणखी लवकर रिता होतो.

लक्षणेही फसवी असतात. लहान मुलाच्या त्वचेला चिमटा घेऊन पाहतात, ती परीक्षा सुरकुतलेल्या त्वचेवर विश्वासार्ह ठरत नाही. त्याऐवजी जीभ कोरडी आहे का, लघवी गडद पिवळी आणि थोडी होते का, उठून उभे राहताना अंधारी येते का, आणि एरवी नीट बोलणारे माणूस अचानक गोंधळल्यासारखे वागते का, हे पाहावे. शेवटचे लक्षण ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

हे सारे समजल्यावर मी घड्याळ लावून पाणी देऊ लागले. दर दोन तासांनी पेला. दोन दिवस ते प्याले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “अगं, मी काय कुंडीतलं झाड आहे?” पेला तिपाईवर तसाच राहिला. वाचकहो, त्यांचे म्हणणे मला पटले. ज्याने चाळीस वर्षे इतरांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्याला घोट-घोट मोजून पाजणे, हे पाजणाऱ्यालाही बरे वाटत नाही.

आमचे गारेगार

मे महिन्यात नातवंडे आली. थोरली नात नऊ वर्षांची, धाकटा नातू पाच वर्षांचा. त्यांच्यासाठी मी एक बेगमी आधीच करून ठेवली होती. आमच्याकडे तासगाव आणि मिरज तालुक्याच्या पूर्वभागातील द्राक्षे चैत्रापर्यंत भरपूर मिळतात. मुलांच्या सुट्ट्या लागेपर्यंत मात्र हंगाम सरतो. म्हणून लक्ष्मी मार्केटातून शेवटची चांगली द्राक्षे आणून, धुऊन, पुसून, उभी चिरून मी बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. नातीने डबा उघडला आणि विचारले, “आजी, याचं आइस्क्रीम करायचं?”

“आइस्क्रीम नाही, गारेगार करू,” यजमान खुर्चीतून म्हणाले.

आमच्या पिढीतील वाचकांना हा शब्द सांगावा लागणार नाही. सायकलला मागे बांधलेली लाकडी पेटी, आत गोणपाटाखाली राखलेल्या रंगीत कांड्या, आणि दुपारच्या सामसूम गल्लीत लांबून येणारी ‘गारेऽऽगार’ अशी हाक. पाच-दहा पैशांत ओठ लालभडक होत. आमच्या घरी ते खाण्यास बंदी होती. त्यामुळे त्याची गोडी अधिक. बंदी अगदीच अनाठायी होती असेही नाही. बर्फ कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. मासे वा इतर माल थंड ठेवण्यासाठी केलेला बर्फ खाण्यात येऊ नये, म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यात निळा रंग मिसळण्याचे बंधन घातले. गोठविल्याने पाणी शुद्ध होत नाही. विषमज्वराचे वा काविळीचे जंतू बर्फात टिकून राहू शकतात आणि बर्फ वितळला की पोटात जातात. घरी गारेगार करण्याचा पहिला लाभ हाच, की पाणी आपले, फळ आपले आणि हातही आपलेच धुतलेले.

यजमानांनी मुलांना गारेगारवाल्याची हाक काढून दाखविली. मग नातीने कोठेतरी वाचलेली गोष्ट त्यांना सांगितली. अमेरिकेतील फ्रँक एपर्सन नावाचा ११ वर्षांचा मुलगा १९०५ साली सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर अंगणात विसरला. सकाळी काडीभोवती सरबत गोठलेले. थोर झाल्यावर १९२४ मध्ये त्याने या कांडीचे पेटंटही घेतले. “म्हणजे आजोबा, हे लहान मुलानंच शोधलंय,” असे म्हणून तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

कामे वाटली गेली. धुण्याचे काम नातवाकडे, मिक्सर नातीकडे, सुरी माझ्याकडे. यजमानांचा उजवा हात किंचित कापतो. त्यांना कलिंगडाच्या फोडींतून बिया काढण्याचे काम मिळाले. बसून, सावकाश, बोटांनी करावयाचे. नातू त्यांच्यासमोर पाटावर बसून बिया मोजत होता. एक फोड वाटीत, एक तोंडात, असे दोघांचेही चालले होते. कोणी कोणाला ‘खा’ म्हणत नव्हते. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९१ ग्रॅम पाणीच असते, हे मला ठाऊक होते. मी ते बोलले नाही.

मी ओट्यापाशी होते. तेवढ्यात नातवाचा प्रश्न ऐकू आला. “आजोबा, तुम्ही पाणी का नाही पीत?”

“रात्री उठावं लागतं रे बाळा.”

“मग उठायचं.”

“मी उठलो की आजीला उठावं लागतं. तिचे गुडघे दुखतात.”

नातवाला उत्तर पटले असावे. तो पुन्हा बिया मोजू लागला. मी मात्र सुरी खाली ठेवून काही वेळ तशीच उभी राहिले. तहान मंदावते हे डॉक्टरांनी सांगितले होते. परंतु उरलेली तहानही एखादे माणूस दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून गिळून टाकत असेल, हे कोणत्या तपासणीत दिसणार? मला त्यांनी ते कधीच सांगितले नसते. पाच वर्षांच्या मुलाला सांगितले. कारण त्याने विचारताना हातात पेला धरलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावून संडासाच्या भिंतीला आधाराची दांडी बसवून घेतली. पलंगापासून तेथपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा लावला. पायांत अडकणारे पायपुसणे काढून टाकले. पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवले. ते ठेवताना दोघांनाही अवघड वाटले, पण आठवड्याभरात त्याची सवय झाली. रात्री त्यांना एवढेच म्हणाले, “अहो, मला उठवत जा. मी तशीही जागीच असते.” ते काही बोलले नाहीत. त्या रात्री मात्र त्यांनी हाक मारली.

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध पाणी टाळत असतील, तर आधी त्यामागचे कारण शोधावे, ही माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. कारण बहुधा तांब्यात सापडत नाही. संडासाच्या वाटेवर सापडते. अंधार, उंच उंबरा, निसरडी फरशी, कपडे ओले होण्याची लाज, कोणाला तरी उठविण्याचा संकोच. ते दूर केल्यावाचून नुसता पेला पुढे करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट वेळेची. दिवसाचे पाणी सकाळपासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत पोटात गेले, तर रात्रीचे उठणे कमी होते. गारेगाराची वेळ आम्ही म्हणूनच दुपारी साडेतीनची ठेवली.

तीन कृती

आता कृतींकडे वळू. एक नियम तिन्हींना लागू आहे. जिभेला गारवा लागला की गोडवा कमी जाणवतो. बाजारच्या कांडीत साखर इतकी असते, ती त्यामुळेच. आपण साखर न घालता पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. मिश्रण चाखताना थोडे अधिक गोड वाटले, तर गोठल्यावर ते बेताचे लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. म्हणून वाटी काठोकाठ भरू नये. विशेष साचे नकोत. लहान स्टीलच्या वाट्या पुरतात.

पहिले द्राक्षांचे. अर्धा किलो बिनबियांची द्राक्षे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. त्यांत पुदिन्याची आठ-दहा पाने, एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव घालून मिक्सरमधून काढावे. गाळू नये, साल आणि गर तसाच राहू द्यावा. वाट्यांत ओतून पाच-सहा तास गोठवावे. पुदिना खुडणे आणि पाने मोजणे हे लहान मुलांचे आवडते काम.

दुसरे कलिंगडाचे. बिया काढलेला तीन वाट्या गर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर सैंधव आणि जिरेपूड. एक चमचा सब्जा अर्धी वाटी पाण्यात वीस मिनिटे भिजवून त्यात मिसळावा. हे गारेगार बर्फासारखे कडक होते. म्हणून दोन-दोन तासांनी काट्याने खरवडावे; त्याचा भुगा होतो आणि चमच्याने खाता येतो. खरवडण्याचा आवाज मुलांना फार आवडतो.

तिसरे आंब्याचे, ज्यांना दात नाहीत वा कमी आहेत त्यांच्यासाठी. एक वाटी आमरस आणि अर्धी वाटी ताजा चक्का, वेलचीची पूड घालून एकजीव करावा. चक्क्यातील स्निग्धांशामुळे हे दगडासारखे गोठत नाही. खाण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर ठेवले की लोण्यासारखे मऊ होते. आंबे संपले की पिकलेल्या केळ्याच्या चकत्या चार तास गोठवून मिक्सरमधून काढाव्यात. दुसरे काहीही न घालता मलईसारखा पदार्थ तयार होतो. केळे आणि दूध एकत्र नको असे मानणाऱ्या घरांत ही कृती विशेष सोयीची.

स्टीलची वाटी कप्प्यातून काढल्यावर तिला थेट ओठ वा जीभ लावू देऊ नये. ती चिकटते आणि कातडी सोलवटते. वाटी बाहेरून क्षणभर पाण्याखाली धरावी, गारेगार सुटे होते. वीज बराच वेळ गेली आणि मिश्रण पूर्ण वितळले, तर ते पुन्हा गोठवू नये. चक्क्याचे असेल तर टाकूनच द्यावे.

कोणी जपावे?

ही माहिती कृतींइतकीच महत्त्वाची आहे. कृपया येथे घाई करू नये.

पक्षाघात, कंपवात वा स्मृतिभ्रंश यांत पुष्कळदा गिळण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णांना पातळ पदार्थ दाट करून देण्यास डॉक्टर सांगतात. गारेगार वाटीत घट्ट दिसते. तोंडात जाताच त्याचे पाणी होते आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पाणी पिताना ज्यांना ठसका लागतो, त्यांना डॉक्टरांना विचारल्याविना ते देऊ नये.

अख्खे द्राक्ष, गोठलेले असो वा ताजे, पाच वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, वृद्धांच्याही. मुलांसाठी प्रत्येक द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात. गोठलेली अख्खी द्राक्षे गोळीसारखी चघळायला देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती आपल्या घरात नसावी. खाताना मुलांनी पळू नये, आणि वृद्धांनी पाठ टेकवून सरळ बसावे. आडवे पडून खाऊ नये.

मधुमेह असेल तर गारेगार वर्ज्य नाही, पण ते दिवसाच्या फळांच्या हिशेबात धरावे. एक लहान वाटी, जेवणानंतर लगेच नव्हे, आणि गाळलेल्या रसाऐवजी गरासकट. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना केळे, आंबा अशा फळांतील पोटॅशियम बाधू शकते; फळ कोणते आणि किती, हे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर वितळलेले गारेगार पाणीच आहे हे विसरू नये. १०० मिलिलिटरची वाटी खाल्ली की १०० मिलिलिटर पाणी प्याल्यासारखेच.

कर्करोगावरील उपचार घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. काही औषधांच्या वेळी तोंड येऊ नये म्हणून बर्फाचे तुकडे चघळण्यास सांगतात. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधानंतर मात्र थंड वस्तूंचा स्पर्शसुद्धा त्रासदायक होतो आणि काही दिवस थंड खाऊ-पिऊ नये लागते. एकाच वॉर्डातील शेजारच्या रुग्णाला चालते ते आपल्याला चालेलच असे नाही. विचारून घ्यावे.

‘थंड खाल्ल्याने सर्दी होते’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. सर्दी विषाणूंमुळे होते. तथापि दमा असणाऱ्या काहींना फार गार पदार्थाने खोकल्याची उबळ येते, आणि ठणकणाऱ्या दातांना तर ते सोसवतच नाही. अशांनी थोडे वितळू द्यावे. कवळी घट्ट बसलेली नसेल तर कडक तुकडा चावू नये. उन्हातून आल्या आल्या खाऊ नये, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम मी आमच्या घरी अजून पाळते; थोडे बसावे, घाम वाळू द्यावा, मग वाटी घ्यावी.

आणि शेवटी, गारेगार हा उपचार नव्हे. जुलाब-उलट्या झाल्या तर क्षार-साखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, हेच द्यावे. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागले वा झोपाळू झाले, तर तोंडात काही घालण्याच्या खटपटीत वेळ न दवडता अंग ओल्या फडक्याने पुसत दवाखाना गाठावा.

वाटणारा हात

गेल्या उन्हाळ्यात यजमानांना पुन्हा सलाइन लागले नाही. ते गारेगारामुळेच, असा दावा मी करणार नाही. भिंतीवरची दांडी, रात्रीचा दिवा, सकाळचे ताक, दुपारची वाटी, आणि डॉक्टरांनी बदललेली लघवीच्या गोळीची वेळ, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. तांब्या पाहून ते आजही तोंड फिरवतात. परंतु साडेतीन वाजले की स्वतः उठून कप्पा उघडतात, कारण वाट्या मोजून काढणे हे त्यांचे काम आहे. आणि ज्याने वाटायचे, त्याने आधी चव घ्यायची, असा नियम नातीने जाताना घालून दिला आहे.

नातवंडे पुण्यास गेल्यावर हे थांबेल अशी मला भीती होती. पहिले दोन दिवस कप्पा बंदच राहिला. तिसऱ्या दिवशी शेजारची दोन मुले दाराशी येऊन उभी राहिली. “आजोबा, आज गारेगार नाही?” यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “जांभळे आलीत बाजारात.” ती आणली. बिया काढताना त्यांची बोटे जांभळी झाली आणि तशाच बोटांनी त्यांनी नातीला फोन लावून नवीन कृती सांगितली. तेव्हापासून सून मला पाण्याविषयी विचारीत नाही. आज वाटीत काय होते, एवढेच विचारते. उत्तरावरून तिला हवे ते कळते.

वाचकहो, म्हातारपणी माणसाला पुष्कळ गोष्टी दिल्या जातात. औषध दिले जाते, जेवण दिले जाते, आधार दिला जातो. त्यांच्याकडून काही घेण्याचे मात्र राहून जाते. आपल्या घरात नातवंडे असतील तर त्यांना सोबत घ्या; नसतील तर गल्लीतील मुलांना हाक मारा. येणाऱ्या सुट्टीत दोन वाट्या अधिक ठेवा आणि बिया काढण्याचे काम घरातील सर्वांत थकलेल्या हातांकडे सोपवा. ते काम सावकाश होईल, फरशीवर रस सांडेल, मुंग्याही येतील. सांडलेले पुसून घ्यावे. आणि त्या वेळी मुले त्यांना जे विचारतील, त्याचे उत्तर आपणही जवळपास राहून ऐकावे.